केर न काढण्याचे तास

लिस्बनहून हेलसिंकीला विमानानं जायला साडेचार तास लागत, आणि ते साडेचार तास नेत्रा लोवलेकरच्या घरात केर काढला जात नसे.

ही गोष्ट रेवा सात-आठ वर्षांची होती तेव्हाची. नेत्राचा नवरा पराग कागद बनवायच्या यंत्रांचा इंजिनिअर. कंपनीचं ऑफिस लिस्बनमध्ये आणि यंत्रं सगळी फिनलंडात. म्हणजे युरोपच्या एका कोपऱ्यात बिऱ्हाड आणि पार दुसऱ्या कोपऱ्यात पोटापाण्याचा उद्योग. मधलं अंतर तीन हजार तीनशे साठ किलोमीटर. देवरुखहून दिल्लीला जाऊन परत यावं, साधारण तेवढं. दर रविवारी सकाळी पराग निघायचा, शुक्रवारी परतायचा. जाताना साडेचार तास आणि येताना जवळजवळ पाच, कारण त्या उंचीवर वारा सतत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. घरी येतानाच नेमका तो आडवा येतो, अशी परागची कायमची तक्रार असायची.

निघताना नेत्रा त्याच्या हातावर चमचाभर दही घालायची. दार लागलं की देवरुखहून आणलेली केरसुणी दारामागे उभी राहायची ती तशीच. माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीमागे लगेच केर काढू नये, हे देवरुखला घरोघरी पाळत. नेत्राच्या आईनं त्यात स्वतःची भर घातली होती: लगेच तर नाहीच, पण माणूस पोचल्याचा निरोप येईपर्यंतसुद्धा नाही. का, ते ती सांगायची नाही. नेत्राला कारण कळलं ते पुष्कळ मोठी झाल्यावर. घरातून प्रेत उचललं की त्याच्या पाठोपाठ घर झाडून काढतात. म्हणून जित्या माणसाच्या पाठीमागे केरसुणीला हात लावायचा नाही.

नेत्रा शाळेत गणित शिकवायची. तुझा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर, असं कुणी विचारलं असतं तर ती "छे गं" म्हणून हसली असती, आणि केरसुणीला हात मात्र लावला नसता.

त्या साडेचार तासांत दुसरंही काही करावंसं तिला वाटत नसे. केर नाही तर लादी पुसायची नाही, लादी नाही तर धुणं तरी कशाला, असं एकातून एक सुटत जायचं. एरवी एका हातानं भाजी ढवळत दुसऱ्या हातानं वह्या तपासणारी ही बाई रविवारी सकाळी खुशाल जमिनीवर मांडी घालून बसायची. समोर रेवा. मधे पाच सागरगोटे. आजूबाजूला पावाचा चुरा, पेन्सिलींची सालं, परागच्या बुटातून सांडलेली वाळू. बाल्कनीतून आलेलं ऊन त्या पसाऱ्यावरून सरकत सरकत सोफ्याखाली जायचं. तेव्हा विमानतळ अजून शहरातच होता, आणि विमानं घरांवरून इतकी खाली जात की त्यांची चाकं मोजता यायची.

"बाबांचं!" म्हणून रेवा बाल्कनीत धावायची. ते बाबांचंच असेल असं काही नव्हतं, पण नेत्रा "हो, त्यांचंच" म्हणायची.

मग दुपारी फोन यायचा. "पोचलो. बर्फ आहे." परागचं बोलणं तेवढंच. झाली, सुट्टी संपली. नेत्रा गुडघ्यांवर हात टेकून उठायची, दारामागे बघायची, तर केरसुणी गायब. रेवानं ती पडद्यामागे दडवलेली असायची आणि पडद्याखालून तिचं टोक स्वच्छ दिसत असायचं. तरीही नेत्रा घरभर शोधायची. कपाटात, पलंगाखाली, फ्रीजमध्ये. ती फ्रीज उघडायची तेव्हा रेवा हसून हसून त्याच केरात लोळायची.

हे सगळं नेत्राला पुढे पुष्कळदा आठवायचं. तेव्हा आपण सुखात आहोत हे तिला कळत होतं का? थोडंसं कळत होतं, असं तिला म्हातारपणी वाटायचं. निदान फ्रीज उघडताना तरी.

पराग गेला तेव्हा रेवा हेलसिंकीत नोकरीला लागली होती. आजार लांबलेला, शेवटचे दिवस घरीच. एका सकाळी नर्सनं नाडी बघून सांगितलं, जवळच्यांना बोलावून घ्या. रेवा मिळेल त्या विमानात बसली. ती वाटेत कुठेतरी ढगांच्या वर असताना पराग गेला. उन्हाळा होता, नेणारे लोक लवकर आले. त्यांच्या पाठीमागे नेत्रानं दार लावलं, केरसुणी घेतली आणि सगळं घर झाडून, धुऊन काढलं. शेजारची इल्दा मदतीला आली, तर तिला तिनं नुसत्या हातानं थांबवलं.

तासाभरानं रेवा दारात उभी राहिली. तिनं आईकडे पाहिलंच नाही. तिनं जमिनीकडे पाहिलं. ओली, लख्ख जमीन. कुणी तिला काही सांगायची गरज उरली नाही.

"मी पाच तास नुसती बसून होते गं," ती म्हणाली. "त्यांनी मला ज्यूस दिला. मी तो प्यायलेसुद्धा."

त्या दिवसापासून रेवानं विमानाचा धसकाच घेतला. वर्षातून एकदा, गोळी घेऊन, डोळे मिटून यायची. आणि दुसऱ्याच वर्षी तिनं नोकरी बदलली. नवी कंपनी असं काहीतरी बनवत होती की ज्यात बसून कुणाला पाच तास ढगांत अडकून पडावं लागणार नव्हतं.

त्या यंत्राला कंपनीनं भलंमोठं नाव दिलं होतं. लोवलेकरांच्या घरात ते 'झेप' म्हणूनच ओळखलं जाई. सहा वर्षांनी लिस्बन–हेलसिंकी झेप सुरू झाली, तेव्हा इल्दानं गच्चीवर कपडे वाळत घालता घालता नेत्राला विचारलं, "तीन हजार किलोमीटर अर्ध्या तासात? काय जादू आहे ही?"

इल्दा नेत्राहून दोन वर्षांनी मोठी, अख्खं आयुष्य त्याच गल्लीत काढलेली विधवा बाई. तिच्या टोपलीत संत्री होती. नेत्रामधली शिक्षिका जागी झाली.

"समज, हे संत्रं समोरच्या गच्चीवर पोचवायचंय. एक मार्ग म्हणजे ते हातात धरायचं, जिना उतरायचा, गर्दीतून धक्के खात पलीकडे जायचं. विमान तेच करतं. ते सगळा वेळ हवेतून वाट काढत असतं. जितकं पळायला जावं तितकी हवा अडवते, आणि इंधन सगळं तिच्याशी झटापट करण्यात जातं."

"आणि दुसरा मार्ग?"

"फेकायचं." नेत्रानं संत्रं फेकलं. "हात एकदाच जोर लावतो. पुढचं काम संत्रं आपलं आपण करतं."

संत्रं समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरीवर जाऊन आदळलं. दोघीजणी घाईघाईनं कठड्याखाली वाकल्या.

वाकल्या वाकल्या नेत्रानं उरलेलं सांगितलं. झेप धावपट्टीवरून साध्या विमानासारखीच उठते आणि समुद्रावर जाते. तिथे हवा विरळ झाली की मोठं इंजिन तीन मिनिटं पेटतं. जाळायचा तो हायड्रोजन, त्यामुळे मागे राहते ती नुसती वाफ. तीन मिनिटांत वेग सेकंदाला पाच किलोमीटरच्या वर जातो आणि मग इंजिन बंद. झेप हवेच्याही वर निघून जाते, जिथे अडवायला कुणीच नाही. आतली माणसं दहा मिनिटं पट्ट्यांमध्ये तरंगत असतात. मग ती खाली येते, हवा पुन्हा तिला धरते, आणि घारीसारखी घिरट्या घालत ती धावपट्टीवर उतरते. एकूण अठ्ठावीस मिनिटं.

"आणि हेलसिंकीचं घड्याळ आपल्यापुढे दोन तास," नेत्रा म्हणाली. "म्हणजे रेवा तिकडून दहाला निघाली की इकडे साडेआठच्या आत हजर!"

"निघायच्या आधीच पोचते?" इल्दानं छातीवर क्रुसाची खूण केली.

सुरुवातीचे दिवस नुसते आनंदाचे होते. रेवा बुधवारी सकाळी पोहे खायला येऊ लागली. पोहे! हेलसिंकीहून! नेत्रा गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटली. रेवा यायची, गालाला गाल लावायची, उभ्याउभ्या बशी हातात घ्यायची. "आई, चाळीस मिनिटं आहेत." नेत्रा म्हणायची, कोट तरी काढ. रेवा म्हणायची, "काढते गं," आणि बोलता बोलता मनगटाकडे बघायची. त्या चाळीस मिनिटांत लेकीशी बोलायच्या गोष्टी नेत्रा आठवडाभर मनात जमवून ठेवायची, आणि रेवा आली की त्यातली एकही आठवायची नाही. पूर्वी रेवा वर्षातून एकदाच यायची, पण आठ दिवस राहायची, तिसऱ्या दिवशी तिचा कंगवा इकडे, मोजे तिकडे असं सुरू व्हायचं, आणि पाचव्या दिवशी कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून मायलेकींचं कडाक्याचं भांडण व्हायचं. आता भांडायला सवड कुठली? नेत्राला त्या भांडणाचीसुद्धा आठवण यायची, आणि याची तिला लाज वाटायची. लेक दर आठवड्याला येते आणि तरी हिचं समाधान नाही, असं कुणी म्हणालं असतं तर ती काय उत्तर देणार होती?

वाढदिवसाला रेवानं तिला केर काढणारं यंत्र आणलं. ताटाएवढं, चपटं, गोल. "दार लागल्याचा आवाज आला की हे आपणहून कामाला लागतं. तू आता वाकायचं नाहीस." बशी ठेवून, गालाला गाल लावून ती निघाली. दार लागलं. आणि रेवाची पावलं अजून जिन्यात वाजत होती तोच सोफ्याखालून गुरगुरत ते यंत्र बाहेर आलं आणि रेवा जिथे उभी होती तिथला पोह्यांचा कण न् कण गिळू लागलं.

नेत्रा ओरडली, "ए! थांब! थांब म्हणते ना!" ती त्याच्यामागे धावली. ते खुर्चीला वळसा घालून पळालं. शेवटी तिनं त्याला पायानं उलटं पाडलं. पाठीवर पडून ते चाकं हलवत राहिलं आणि नेत्रा छाती धरून सोफ्यावर बसली.

तासाभरानं फोन आला. "पोचले! कसं आहे गं तुझं नवीन खेळणं?"

"तू जिन्यात होतीस रेवा. तू जिन्यात असताना त्यानं झाडायला सुरुवात केली."

मग रेवा हसली, पण जरा उशिरा हसली. "अगं, विसरलेच मी ते. पण आता अठ्ठावीस मिनिटांचा तर प्रवास. तुझा चहा उकळायच्या आत मी पोचते. कशाला पाळायचं आता?"

नेत्रानं फोन ठेवला. यंत्र तिनं उलटंच कपाटात ठेवून दिलं.

झेपमध्ये नेत्राला स्वतःला बसता येणार नव्हतं. वर जाताना शरीराचं वजन तिप्पट होतं आणि खाली येताना चौपट. तरण्या माणसाला ते सोसतं; छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं इतकंच. नेत्राचे मणके वयानं पोकळ झाले होते. हाडं अमक्या प्रमाणाखाली ठिसूळ असतील तर प्रवास नाही, असा नियम होता, आणि त्या नियमाखाली रेवाचीच सही होती. शरीराला किती भार सोसतो हे मोजणं हेच तिचं तिथलं काम.

"तुझाच नियम ना? माझ्यापुरता थोडा वाकव की," नेत्रा थट्टेनं म्हणाली होती.

"नियम वाकवला तर तुझा मणका मोडेल, आई." रेवानं तिला तिच्याच मणक्यांचं चित्र दाखवलं होतं. रेवाचा आवाज तेव्हा इतका मऊ झाला होता की नेत्रानं तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यामुळे नेत्रा वर्षातून दोनदा लेकीकडे जायची ती जुन्या विमानानं. ते आता आठवड्यातून एकदाच सुटायचं. आत म्हातारीकोतारी माणसं, गरोदर बायका आणि झेपची धास्ती घेतलेले दोघे-चौघे. नेत्राला ते आवडायचं. खिडकीशी बसून ती खालचे डोंगर आणि नद्या बघायची, शेजारच्या अनोळखी बाईचे फोटो बघायची, डुलकी काढायची. पण अशा मूठभर माणसांसाठी विमान किती दिवस उडवणार? ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, हिवाळ्याचं वेळापत्रक लागायच्या आदल्या दिवशी, ते शेवटचं सुटेल असं जाहीर झालं.

आगगाडी होती. पण तीन दिवस, चार-पाच ठिकाणी गाडी बदलायची, वर समुद्रातून बोट. डॉक्टरनं हात जोडले.

"आता तू इकडेच ये," रेवा म्हणाली. "कायमची. त्या शेवटच्या विमानानं. तुझी खोली तयार आहे, पूर्वेची खिडकी आहे. नाहीतर तू माझं घर पुन्हा कधी बघणार नाहीस आई, कळतंय का तुला?"

कळत होतं. ज्यांची हाडं शाबूत होती त्यांच्यासाठी ते अंतर अठ्ठावीस मिनिटांवर आलं होतं, आणि नेत्रासाठी ते कधी नव्हतं एवढं वाढणार होतं. त्या शनिवारनंतर ती ज्या बाजूला असेल त्याच बाजूला मरेपर्यंत राहणार होती. एकीकडे लेक. दुसरीकडे परागच्या खुर्चीचं हे घर, ही गल्ली, गच्चीवरची इल्दा. नेत्रानं आठ दिवस विचार केला आणि हो म्हटलं. लेक शेवटी लेक. इल्दानं ऐकलं, "चांगलं केलंस" म्हणाली आणि दोन दिवस गच्चीवर आली नाही.

शनिवारी सकाळी रेवा झेपनं आईला न्यायला आली. तिनं जुन्या विमानाची दोन तिकिटं काढली होती. आईला एकटीला कसं पाठवायचं? पण त्या विमानात साडेचार तास बसायचं म्हणून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती तो आईपासून लपवायला बघत होती. सामान दाराशी आलं. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. किल्ली घ्यायला इल्दा आली.

नेत्रानं किल्ली तिच्या हातात ठेवली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाली, "पोचले की फोन करते. तोवर केर काढू नकोस हं."

इल्दाला ही रीत तीस वर्षं माहीत होती. "आणि फोन आला की काढू?"

"काढ."

"सगळं? त्या दिवशी तू धुऊन काढलंस, तसं?"

तिनं साधेपणानं विचारलं होतं. नव्या भाडेकरूला घर स्वच्छ हवं, एवढंच तिच्या मनात होतं. पण नेत्राचा हात किल्लीवर तसाच राहिला. तिनं जमिनीकडे पाहिलं. बांधाबांधीचा कचरा पडला होता, सुतळीचे तुकडे, कागदाचे कपटे. आपण तिकडे पोचणार, फोन करणार, आणि मग इल्दा इथे केर काढून जमीन धुणार. आपण धडधाकट हेलसिंकीत चहा पीत असताना आपल्या पाठीमागे हे घर परागच्या दिवसासारखं लख्ख होणार. ती बॅगेवरच बसली.

"रेवा, मी येत नाही."

"काय?"

"मला नाही जायचं. तुझ्यावर राग नाही माझा. पण मला इथून झाडून काढू नका."

पाच-सहा वर्षांत न झालेलं भांडण मग तिथे, उघड्या दारात, जिन्यात आवाज घुमवत झालं. रेवा म्हणाली, मी सगळी सोय केली, सुट्टी घेतली, शेवटचं विमान आहे हे. नेत्रा म्हणाली, माहीत आहे. रेवा म्हणाली, तू इथे एकटी मरशील.

"अठ्ठावीस मिनिटांत येशील की तू."

"दर आठवड्याला येतेच आहे ना मी! अजून काय करू?"

"येतेस गं," नेत्रा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "पण कोट काढत नाहीस. तू आल्यासारखी वाटतच नाहीस मला. तू आलीस म्हणेपर्यंत गेलेली असतेस, आणि तू गेलीस म्हणून जीव टांगणीला लागेपर्यंत तिकडे पोचलेली असतेस. तुझी वाट बघायलाही मिळत नाही मला."

रेवानं आपली पिशवी उचलली आणि जिना उतरू लागली. नेत्रा धडपडत उठली, स्वयंपाकघरात गेली, दह्याचं भांडं आणि चमचा घेऊन जिन्याच्या कठड्याशी आली. हाक मारायचा तिला धीर झाला नाही. एक मजला खाली पावलं थांबली. मग ती परत वर आली. रेवानं आईकडे न बघता उजवा हात पुढे केला. नेत्रानं दही घातलं. रेवानं ते चाटलं, हात कोटाला पुसला आणि ती गेली.

आता झेपनं जाईल, नेत्राच्या मनात आलं. निदान त्या विमानातून तरी सुटली पोरगी. ती आणि इल्दा बसून राहिल्या. तास झाला, दीड तास झाला. 'पोचले' म्हणून काही आलं नाही. अखेर फोन टिणटिणला.

"विमानात बसलेय. जुन्याच. दार लागलं आता. केर काढू नकोस."

नेत्रानं ते दोनदा वाचलं. मग इल्दाला वाचून दाखवलं, आणि वाचताना तिला रडू आवरेना. जिथे आपण बसलेलो असताना आपला बाप गेला, तिथेच ही मुलगी पुन्हा जाऊन बसली होती, गोळी न घेता, एकटी, आणि का, तर आईला वाट बघायला मिळावी म्हणून. तिकडे आता तिचा जीव मुठीत असेल. मी ढगांत आहे आणि तिकडे आईला काही झालं तर, हेच डोक्यात फिरत असेल. तिला काय लिहावं? काळजी करू नकोस, असं लिहून कधी कुणाची काळजी गेली आहे?

तिनं फोन जमिनीकडे वळवला. सुतळीचे तुकडे, कपटे, दारातून रेवाच्या बुटांबरोबर आलेली माती. त्या सगळ्याचा एक फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "कळलं."

मग दोघी म्हाताऱ्यांनी बांधलेली एक पेटी सोडली आणि सागरगोटे शोधून काढले. खाली बसायची सोय राहिली नव्हती. त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. इल्दानं पाव आणला, त्याचा चुरा त्यांनी निर्धास्तपणे खाली सांडला. सागरगोटे झेलताना इल्दा लबाडी करत होती आणि पोर्तुगालात असंच खेळतात म्हणून सांगत होती. ऊन बाल्कनीतून आत आलं, कपट्यांवरून सरकलं, खुर्चीच्या पायाशी पोचलं. तासाभरानं नेत्रानं आणखी एक फोटो पाठवला. तीच जमीन, थोडा जास्त कचरा. पुढच्या तासाला आणखी एक, त्यात इल्दाच्या चपलेचं टोक आलं होतं.

"यांनी ज्यूस दिला," रेवानं लिहिलं.

"प्यायलीस का?"

"प्यायले."

ऊन सोफ्याखाली गेलं तेव्हा निरोप आला.

"पोचले. पाऊस आहे."

नेत्रा हसली. अगदी बापासारखं, दोन वाक्यांत काम. ती टेबलाला हात टेकून उठते आहे, तोच पुन्हा टिणटिण झाली.

"दिवाळीला येतेय. आगगाडीनं. तीन दिवस लागतील. आठवडाभर राहीन, कोट काढून."

नेत्रानं लिहिलं, "मग परत जाशील तेव्हा तीन दिवस केर काढायचा नाही? घराचा उकिरडा होईल!"

"होऊ दे."

इल्दा टेबलावरचे सागरगोटे गोळा करत होती. "पोचली ना? मग आता काढू का केर?"

"थांब जरा," नेत्रा म्हणाली. ती दारामागे गेली, केरसुणी उचलली आणि बाल्कनीच्या पडद्यामागे नेऊन उभी केली. मग मागे सरकून, पडद्याखालून टोक दिसतंय ना, ते तिनं बघून घेतलं.